चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी कशी सांभाळावी?

इंदिरानगरवासी

नमस्कार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जात आहोत आणि जुलैच्या सुरुवातीला परत येऊ. या काळात आमची गाडी नाशिकच्या इंदिरानगरमधील सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इमारतीखालच्या सावलीत उभी राहील. गाडी पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची आणि साधारण पाच वर्षांची आहे. बॅटरी 12 व्होल्टची, 35 अँपिअर-अवर क्षमतेची असून गेल्याच वर्षी नवी बसवली आहे. तिच्यावर पाणी घालण्याची झाकणे नाहीत.

यापूर्वी एकदा महिनाभर बाहेरगावी राहून परतल्यावर सेल्फ लागला नव्हता आणि ती बॅटरी पुढे फार काळ टिकली नाही. म्हणून या वेळी आधीच विचारणा केली, तर तीन ठिकाणांहून तीन सल्ले मिळाले. आडगावला राहणारा पुतण्या म्हणतो की तो दर रविवारी येऊन दहा मिनिटे इंजिन चालू करून ठेवील. गॅरेजवाले म्हणतात की बॅटरीची काळी वायर काढून ठेवा आणि निश्चिंत जा. शेजारच्या काकांचे म्हणणे असे की हल्लीच्या गाड्यांची वायर काढली की आतला कॉम्प्युटर बिघडतो. आमच्या जागेजवळ विजेचा प्लग नाही, त्यामुळे चार्जर लावून ठेवणे शक्य दिसत नाही. गाडीत डॅशकॅम आहे आणि चोरीच्या भीतीने बसवलेला जीपीएस ट्रॅकरही आहे. यांपैकी कोणता सल्ला मानावा आणि का, हे कोणी कारणासह सांगितले तर बरे होईल.

गंगापूर_रोड

पुतण्या यायला तयार असेल, तर याहून सोपा उपाय नाही. माझी दुसरी गाडी महिनोन्‌महिने वापरात नसते. रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत ती चालू ठेवतो आणि बंद करतो. आजवर ती सेल्फने सुरू झाली नाही असे घडलेले नाही. वायर काढण्याच्या भानगडीत कशाला पडता? घड्याळ बिघडते, काचांचे सेटिंग जाते, आणि चोर आला तर अलार्मसुद्धा वाजणार नाही.

सातपूर_मेंटेनन्स

वरील प्रतिसादकर्त्यांचा अनुभव खोटा नाही, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी सातपूर एमआयडीसीत विद्युत देखभालीचे काम करतो. जनरेटर सुरू करण्याच्या बॅटऱ्यांची देखभाल आमच्याकडेच असते, आणि त्यांचे दुखणे उभ्या गाडीच्या बॅटरीसारखेच असते: क्वचित वापर आणि सतत थोडीथोडी गळती. आधी हिशेब मांडू, म्हणजे निर्णय आपोआप होईल.

चावी काढून दारे लावल्यावरही गाडी पूर्ण झोपत नाही. रिमोटचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मृती एवढी मंडळी जागी असते. धडधाकट गाडीत ही गळती साधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आत असावी असे मानतात. आपण 30 धरू. 30 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 0.72 आणि आठवड्याला सुमारे 5 अँपिअर-अवर. चार महिन्यांची बेरीज 86 अँपिअर-अवरच्या आसपास जाते आणि तुमची बॅटरी आहे 35 ची. म्हणजे काहीही न करता गाडी सोडून गेलात, तर दीड महिन्यातच बॅटरी रिकामी होईल. सेल्फ फिरणे त्याच्याही बरेच आधी बंद होईल. ट्रॅकर आणि पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा डॅशकॅम यांची गळती यात धरलेली नाही. डॅशकॅम एकटाच इतर सगळ्यांपेक्षा जास्त ओढू शकतो, तेव्हा त्याची वायर आधी काढा.

आता रविवारच्या दहा मिनिटांकडे वळू. सेल्फ मारताना सुमारे दीडशे अँपिअर दोन सेकंद गेले असे धरले, तरी तो खर्च 0.1 अँपिअर-अवरसुद्धा होत नाही. त्यामुळे ‘सेल्फच सगळी बॅटरी खातो’ हा समज चुकीचा आहे. खरा खर्च आठवडाभराच्या गळतीचा आहे. दहा मिनिटांत आयडलवर, म्हणजे गाडी जागीच उभी असताना, बॅटरीला सरासरी 15 अँपिअर मिळाले असे उदारपणे मानले, तरी जमा होतात अडीच. गेले पाच, आले अडीच. जवळजवळ भरलेली बॅटरी एवढाही प्रवाह घेत नाही आणि ती जसजशी रिकामी होते तसतशी जास्त घेऊ लागते, म्हणून ही तूट वाढत जाऊन कुठेतरी स्थिरावते. गाडी दर रविवारी सुरू होत राहते ती यामुळेच. परंतु बॅटरी कायम अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहते, आणि शिशाच्या बॅटरीला घातक असते ती हीच अवस्था. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज मिळाला तर ते विरघळते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुढे चार्ज देऊनही पुरते परतत नाहीत. क्षमता कायमची घटते. तुमची आधीची बॅटरी नंतर फार टिकली नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

इंजिनालाही हे मानवत नाही. दहा मिनिटांत तेल पुरते तापत नाही, आणि ज्वलनातून झालेले पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये साचून राहते. पार्किंग सगळीकडून बंद असेल, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. पुतण्याने यायचेच असेल, तर दर पंधरा दिवसांनी द्वारकेपासून सिन्नरपर्यंत गाडी चालवून आणावी. तासाभराच्या सलग रस्त्याने बॅटरी बऱ्यापैकी भरते आणि इंजिनही तापते. चार महिने त्याला हे जमेल का, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या परिस्थितीत गॅरेजवाल्यांचा सल्ला सर्वांत योग्य आहे. निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढली की गाडीची गळती शून्य होते आणि उरतो तो बॅटरीचा स्वतःचा ऱ्हास. चांगल्या सीलबंद बॅटरीत तो महिन्याला काही टक्केच असतो. उष्णतेत तो वाढतो, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट, आणि तुमचे चार महिने नेमके नाशिकच्या एप्रिल-मेमधून जाणार आहेत. तरीही सावलीतली, एक वर्षाची, पूर्ण भरलेली बॅटरी जुलैत गाडी सुरू करण्याइतकी शक्ती राखून असेल. ‘पूर्ण भरलेली’ ही अट मात्र महत्त्वाची आहे. निघण्याच्या दोनतीन दिवस आधी बॅटरीच्या दुकानात देऊन ती रात्रभर चार्ज करून घ्या. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची बॅटरी क्वचितच शंभर टक्के भरलेली असते.

इंदिरानगरवासी

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. हिशेब पटला. आता दोन शंका उरल्या. वायर काढल्यावर रिमोटने दार लागणार नाही, मग गाडी कुलूपबंद कशी करायची आणि परत आल्यावर उघडायची कशी? आणि कॉम्प्युटर बिघडण्याच्या भीतीत कितपत तथ्य आहे? ट्रॅकर बंद पडणे मात्र आम्हाला चालेल. पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत आणि वॉचमनही विश्वासू आहे.

सातपूर_मेंटेनन्स

कॉम्प्युटर बिघडत नाही. गॅरेजमध्ये बॅटरी बदलताना प्रत्येक गाडीची वायर निघतेच. घड्याळ पुन्हा लावावे लागते, काही गाड्यांत एका स्पर्शात वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागते, आणि पहिली काही मिनिटे इंजिनाचा आयडल थोडा वरखाली होऊ शकतो. रेडिओ कोड मागणारा असेल, तर तो कोड आत्ताच शोधून ठेवा. बिघाड होतो तो इंजिन चालू असताना वायर काढल्याने किंवा परत लावताना उलटसुलट जोडल्याने.

क्रम असा ठेवा. सगळ्या काचा वर घ्या, बॉनेट उघडा, चावी काढून दारे लावा आणि पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे गाडीतील यंत्रणा झोपी जातील. मग दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्हचा नट सैल करून ती वायर बाजूला घ्या. तिला जुन्या सुती कापडात गुंडाळून बांधा, नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत येऊन टर्मिनलला टेकते. आधी निगेटिव्हच काढायची आणि परत लावताना ती शेवटी लावायची, कारण गाडीची संपूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पान्याचे दुसरे टोक बॉडीला लागले, तर सरळ शॉर्ट होऊन पाना लाल होतो. अंगठी आणि मनगटातले कडे काढून ठेवा.

कुलपासाठी मागची दारे आतल्या खटक्याने बंद करा आणि चालकाचे दार चावीने लावा. बॉनेटचा खटका चालकाच्या बाजूला आत असतो, म्हणून जुलैत आधी हेच दार चावीने उघडायचे आहे. बटणावर सुरू होणारी गाडी असेल, तर स्मार्ट-की मध्ये लपवलेली धातूची चावी असते. ती त्या दाराला खरोखर लागते का, हे निघण्याआधी करून पाहा. अनेक गाड्यांची डिकी फक्त विजेच्या खटक्यानेच उघडते. त्यामुळे पाना, जम्पर केबल किंवा चार्जर डिकीत ठेवून जाऊ नका. हे वाचायला हास्यास्पद वाटते, परंतु लोक हेच करतात.

ओझर_बागायतदार

आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, म्हणून लिहितो. द्राक्षांच्या हंगामात पिकअपला उसंत नसते. माल संपला की मेपासून ती शेडमध्ये उभी. ट्रॅक्टरचे उलट आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ब्लोअरच्या फवारण्यांमुळे तो रोज चालतो आणि पावसाळ्यात कधीमधी. दोन्ही वाहनांना आम्ही निगेटिव्ह बाजूला कट-ऑफ स्विच बसवून घेतला आहे. खर्च किरकोळ, आणि वाहन शेडमध्ये लावले की चाकी फिरवायची. दर वेळी पाना शोधावा लागत नाही. स्विच घेताना तो सेल्फचा करंट सोसणारा, जाड तांब्याचा घ्यावा. हलका स्विच तापतो आणि मग लोक बॅटरीला दोष देतात. सातपूरच्या दादांनी सांगितलेली शिस्त मात्र मोडू नये: इंजिन चालू असताना स्विच बंद करायचा नाही, अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड उडतात.

ज्यांच्याकडे प्लग आहे त्यांच्यासाठी चार्जरविषयी थोडे. पुष्कळ लोक घरच्या इन्व्हर्टरवर गाडीची बॅटरी लावतात. इन्व्हर्टरचा चार्जर 150 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी केलेला असतो आणि सुरुवातीला दहा-पंधरा अँपिअर सहज ढकलतो. गाडीच्या 35 च्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे तीनसाडेतीन अँपिअर पुरे. इन्व्हर्टरची बॅटरी न काढता गाडीची तिच्याच शेजारी समांतर जोडणे तर अगदीच धोक्याचे, कारण भरलेली मोठी बॅटरी रिकाम्या लहानीत एकदम करंट ओतते.

स्वयंचलित स्मार्ट चार्जर घ्यावा. तो आधी 14.4 व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरतो आणि मग साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे महिनोन्‌महिने लावून ठेवला तरी पाणी उकळत नाही. जुना, नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा चार्जर असा कायम लावून ठेवता येत नाही. आमच्याकडे शेतात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून दुकानदाराला एकच गोष्ट विचारून घ्या: वीज परत आल्यावर चार्जर आपोआप सुरू होतो, की पुन्हा बटण दाबावे लागते? बटण दाबावे लागणारा असेल, तर पहिल्याच वीजकपातीनंतर तो नुसताच अडकवलेला राहतो आणि आपल्याला वाटते बॅटरी भरते आहे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा शेडचे दार उघडे ठेवावे आणि जवळ विडी-सिगारेट नको.

पाथर्डी_फाटा

प्रश्नकर्त्यांच्या गाडीला हे लागू नाही, तरी नव्या गाड्यांचे मालक हा धागा वाचतील म्हणून नोंदवतो. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. चार्जर त्या प्रकारासाठी चालतो का, हे त्यावर लिहिलेले पाहूनच घ्यावा. या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बहुधा एक लहानसा सेन्सर असतो, तो आतबाहेर जाणारा करंट मोजतो. चार्जरचा काळा चिमटा थेट टर्मिनलला लावला, तर सेन्सरला चार्जिंग झाल्याचे कळत नाही. तो बॉडीवरच्या अर्थिंगच्या बोल्टला लावावा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही गाफील राहू नये. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली, तरी दारे, कॉम्प्युटर आणि मुख्य रिले चालतात ते छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली की गाडी उघडतसुद्धा नाही. काही गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटीला अधूनमधून चार्ज देतात, काही देत नाहीत. आपल्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे.

एक प्रश्न माझाही आहे. डॅशबोर्डवर ठेवण्याचे छोटे सोलर पॅनल मिळते, सिगारेट-लायटरच्या सॉकेटला लावायचे. त्याचा उपयोग होतो का?

सातपूर_मेंटेनन्स

दोन कारणांनी बहुधा होत नाही. बऱ्याच गाड्यांत ते सॉकेट चावी बंद केली की बॅटरीपासून तुटते, म्हणजे पॅनलची वीज कुठेच पोहोचत नाही. दुसरे, तिरकी आणि रंगीत काच बराच प्रकाश अडवते. गाडी उघड्यावर असेल आणि पॅनल थेट बॅटरीला जोडले असेल, तर पाच-दहा वॅटचे पॅनल 30 मिलिअँपिअरची गळती भरून काढू शकते. 10 वॅट म्हणजे भर उन्हात अर्ध्या अँपिअरहून थोडे अधिक, आणि दिवसातून दीड-दोन तास चांगले ऊन मिळाले तरी तेवढे पुरते. रात्री करंट उलटा जाऊ नये म्हणून पॅनलमध्ये डायोड असावा, आणि मोठे पॅनल असेल तर चार्ज कंट्रोलर लागतो. जूनमध्ये त्र्यंबकेश्वरच्या बाजूने ढग येऊ लागले की मात्र भरवसा धरू नये. प्रश्नकर्त्यांची गाडी इमारतीखाली आहे, तेव्हा त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपला.

गंगापूर_रोड

आपला हिशेब वाचून रविवारच्या सवयीविषयी शंका आली आहे, हे कबूल करतो. गाडी सुरू होते एवढ्यावर मी समाधानी होतो. माझ्या बॅटरीची अवस्था घरच्या घरी तपासता येईल का? तिच्यावर एक गोल काचेचा डोळा आहे आणि तो हिरवाच दिसतो.

सातपूर_मेंटेनन्स

तो डोळा सहा सेलपैकी ज्या एका सेलमध्ये बसवलेला आहे त्याचीच खबर देतो. उरलेल्या पाचांविषयी काही सांगत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी चालवून आणल्यावर लगेच मोजू नका, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दारे लावून आणि दिवे बंद ठेवून, दोन्ही टर्मिनलांवर डीसी व्होल्ट मोजा. 12.6 किंवा 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली असेल तर ताबडतोब चार्जरवर लावावी. आकडा 12.4 च्या खाली गेला की सल्फेट साचण्याचा वेग धरतो, म्हणून तीच आपली सीमारेषा समजा. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसले, तर अल्टरनेटर चार्ज देतो आहे. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त होतो, तेव्हा तिथे एका आकड्यावरून घाबरू नये.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी वायर काढून आठवडाभर ठेवली आणि तरीही आकडा घसरला, तर दोष बॅटरीत आहे. वायर लावलेली असतानाच घसरला, तर गळती गाडीत आहे. ती मोजायला मल्टिमीटर 10 अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडतात. त्या अवस्थेत सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज जातो. हे काम ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेले बरे.

इंदिरानगरवासी

ठरले तर. निघण्याआधी बॅटरी दुकानातून भरून आणतो, डॅशकॅम काढतो आणि निगेटिव्ह वायर सोडवतो. पुतण्याला फक्त मे महिन्याच्या मध्यावर मीटर घेऊन एकदा यायला सांगतो. त्या वेळी आकडा 12.4 च्या खाली असला, तर त्याने बॅटरी उतरवून आडगावला नेऊन चार्ज करावी का? आणि जुलैत सेल्फ लागलाच नाही, तर वॉचमनकडून धक्का मारून चालेल का?

सातपूर_मेंटेनन्स

होय, नेऊन चार्ज करावी. नेताना सरळ उभी ठेवावी, आडवी नव्हे. बसवताना टर्मिनलांवरची पांढरी-निळी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसून काढावी आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावावी.

धक्क्याच्या भरवशावर राहू नका. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि कॉम्प्युटर चालायलाच वीज लागते. बॅटरी पुरती मेलेली असेल, तर कितीही ढकलले तरी व्यर्थ. दुसरी गाडी जवळ आणून जम्पर केबल वापरा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा चिमटा तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि ती हायड्रोजनजवळ नको, म्हणून हा क्रम. दुसऱ्या गाडीचे इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटे थांबा, मग सेल्फ मारा. गाडी सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा. त्यानंतर तिला दुकानात नेऊन व्यवस्थित चार्ज करून घ्या, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचे ओझे अल्टरनेटरवर टाकणे त्याच्या तब्येतीला बरे नाही.